फाइलचे नाव शेवटाकडून वाचावे

लग्नसराई सुरू झाली की व्हॉट्सॲपच्या प्रत्येक गटात पत्रिकांचा पाऊस पडतो आणि त्यातली एखादी पत्रिका मुळात पत्रिकाच नसते. मागच्या मार्गशीर्षात आमच्या सोसायटीच्या गटात रात्री साडेनऊच्या सुमारास अशीच एक आली. पाठवणारे तळमजल्यावरचे एक निवृत्त काका, सोबत ‘लग्नाला यायचं हं’ एवढाच मजकूर आणि त्याखालच्या करड्या चौकटीत फाइल. चौकटीत ठळक अक्षरांत ‘लग्नाचे आमंत्रण’ लिहिलेले होते आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘५.८ एमबी, एपीके’. तिघांनी फाइल न उघडताच ‘अभिनंदन’ लिहून हात जोडले होते. चौथ्याने मात्र विचारले, ‘काका, तुमच्याकडे लग्नाचं आहे कोण?’ काकांच्या दोन्ही मुलींची लग्ने होऊन दहा वर्षे झाली होती. त्यांनी ती फाइल पाठवलीच नव्हती. दुपारी त्यांनी स्वतः अशीच एक ‘पत्रिका’ उघडली होती आणि आता त्यांचा फोन त्यांच्या नावाने सगळ्या गावाला आमंत्रणे देत सुटला होता.

त्या चौकटीतली ठळक अक्षरे पाठवणाऱ्याच्या मर्जीची असतात. तिथे त्याला ‘आरटीओ चलान’ लिहिता येते, ‘पीएम किसान यादी’ लिहिता येते, बँकेचे नाव आणि ‘केवायसी’ लिहिता येते. त्यावर कोणाची तपासणी नसते. फोन किंवा संगणक मात्र फाइल उघडताना त्या मोठ्या अक्षरांकडे फारसे पाहत नाही. नावातल्या शेवटच्या टिंबानंतर जी दोन-चार अक्षरे असतात, ज्यांना एक्स्टेन्शन म्हणतात, त्यांवरून पुढे काय करायचे हे बहुतेक वेळा ठरते. म्हणून कोणत्याही अनोळखी फाइलचे नाव शेवटाकडून वाचायला सुरुवात करावी. शेवटी ‘पीडीएफ’ असेल तर तो कागद आहे, ‘जेपीजी’ असेल तर चित्र आहे आणि ‘एपीके’ असेल तर ते अँड्रॉइड फोनवर बसणारे ॲप आहे. पत्रिका, चलान, वीजबिल किंवा लाभार्थ्यांची यादी यांपैकी काहीही ॲपच्या रूपात पाठवण्याचे कारण कोणालाच नसते.

फोनवर नेमके काय घडते

एपीके फाइलवर बोट ठेवले म्हणून लगेच खाते रिकामे होत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. मधे तीन-चार दारे असतात आणि प्रत्येक दारावर फोन आपल्याला थांबवून काहीतरी विचारतो. अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवण्याची परवानगी प्रत्येक ॲपला वेगवेगळी द्यावी लागते. त्यामुळे व्हॉट्सॲपमधून आलेली एपीके उघडू पाहिली की ‘या स्रोताकडून अज्ञात ॲप्स बसवू द्यायची का’ अशा अर्थाचा प्रश्न येतो. हे पहिले दार. पत्रिका पाहण्यासाठी कोणताही फोन असा प्रश्न विचारत नाही आणि तो विचारला गेला हाच पत्रिका खोटी असल्याचा पुरेसा पुरावा आहे. दुसऱ्या दारावर प्ले प्रोटेक्ट, म्हणजे अँड्रॉइडमधला गूगलचा पहारेकरी, धोक्याची सूचना देते, किंवा बसवणे अडवते. पाठवणारा जर ‘प्ले प्रोटेक्ट थोडा वेळ बंद करा, मग पत्रिका उघडेल’ असे सांगत असेल, तर समोर चोरच बसला आहे असे समजावे.

तिसरे दार सर्वांत महत्त्वाचे, कारण तिथे माणूस कंटाळून ‘अनुमती द्या’वर बोट ठेवत जातो. बसलेले ॲप एसएमएस वाचण्याची, संपर्कयादी पाहण्याची, कधी फोन करण्याची परवानगी मागते. एसएमएस वाचण्याची परवानगी म्हणजे बँकेच्या ओटीपीची किल्ली. तुमच्या फोनवर आलेला ओटीपी हे ॲप गुपचूप दुसरीकडे पाठवते आणि तिकडे बसलेला माणूस तुमच्या नावाने व्यवहार पुरा करतो. काही ॲप्स याहून पुढे जाऊन ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागतात. दृष्टी अधू असलेल्या किंवा हातांची हालचाल मर्यादित असलेल्या माणसांना फोन वापरता यावा म्हणून केलेली ही सोय आहे. ती ज्याला मिळते त्याला पडद्यावरचा मजकूर वाचता येतो आणि तुमच्या वतीने बटणेही दाबता येतात. यानंतर ॲपचे चिन्ह पडद्यावरून नाहीसे होते. बहुतेकांना वाटते की फाइल खराब होती, उघडलीच नाही, आणि ते कामाला लागतात. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला अशाच लग्नपत्रिकेच्या फाइलमुळे सुमारे १ लाख ९० हजार रुपयांना मुकावे लागले होते.

हा लेख वाचून झाल्यावर फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अज्ञात ॲप्स’ असे शोधून पाहावे. जी यादी उघडेल तिच्यात व्हॉट्सॲप, ब्राउझर, टेलिग्राम, फाइल मॅनेजर आणि ईमेल या सगळ्यांसमोर परवानगी बंद असल्याची खात्री करावी. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर हे काम आपण स्वतः बसून करावे. फोनवरून समजावून सांगण्यात अर्धा तास जातो आणि शेवटी भलतेच बटण दाबले जाते. चलानाविषयी शंका असेल तर आलेल्या फाइलला हात न लावता परिवहन खात्याच्या किंवा महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर स्वतः जाऊन गाडीचा क्रमांक टाकावा. दंड खरा असेल तर तो तिथे दिसतोच.

संगणकावर नाव लपते, फिरते आणि खोटे बोलते

विंडोजच्या संगणकावर शेवटाकडून वाचण्याची सवय लावायची तर आधी शेवट दिसला पाहिजे. ओळखीच्या प्रकारांचे एक्स्टेन्शन लपवून ठेवण्याची विंडोजची जुनी खोड आजही मूळ मांडणीत कायम आहे. तिचा फटका किती मोठा असू शकतो हे ४ मे २००० रोजी जगाने पाहिले. फिलिपिन्समधून निघालेल्या ‘आय लव्ह यू’ या व्हायरसच्या ईमेलला जोडलेल्या फाइलचे पूर्ण नाव ‘लव्ह लेटर फॉर यू, टिंब, टीएक्सटी, टिंब, व्हीबीएस’ असे होते. विंडोजने शेवटचे ‘व्हीबीएस’ लपवले, त्यामुळे वाचणाऱ्याला साध्या मजकुराचे प्रेमपत्र दिसले. उघडल्यावर मात्र ती स्क्रिप्ट चालू झाली, तिने चित्रांच्या फाइली पुसून त्यांच्या जागी स्वतःच्या प्रती ठेवल्या आणि आउटलुकच्या पत्तावहीतल्या प्रत्येकाला स्वतःला पाठवून दिले. आमच्या काकांच्या फोनने जे केले त्यात आणि यात पंचवीस वर्षांचे अंतर आहे, युक्ती मात्र तीच आहे.

हा पडदा दूर करणे एका मिनिटाचे काम आहे. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडून वरच्या पट्टीतल्या ‘व्ह्यू’ मध्ये जावे, तिथे सर्वांत खाली ‘शो’ असते, त्यात ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ समोर खूण करावी. विंडोज १० मध्ये हीच चौकट ‘व्ह्यू’ टॅबमध्ये समोरच दिसते. मॅकवर फाइंडरच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ खाली ‘शो ऑल फाइलनेम एक्स्टेन्शन्स’ हा पर्याय आहे. यानंतर ‘पगारपत्रक’ या नावामागे पीडीएफ आहे की ईएक्सई, म्हणजे विंडोजवर चालणारा प्रोग्रॅम, हे उघड्या डोळ्यांनी दिसू लागते. ईमेलने किंवा चॅटने आलेल्या फाइलच्या शेवटी ईएक्सई, एससीआर, एमएसआय, बीएटी, सीएमडी, व्हीबीएस, जेएस किंवा एचटीए दिसले तर ती उघडू नये, मग पाठवणारा कितीही जवळचा असो. यांतले एससीआर फसवे आहे. ते स्क्रीनसेव्हरचे एक्स्टेन्शन असल्याने निरुपद्रवी वाटते, प्रत्यक्षात तो पूर्ण ताकदीचा प्रोग्रॅम असतो.

एक्स्टेन्शन दिसू लागले तरी दोन पळवाटा उरतात आणि त्या थोड्या बारकाईने समजून घेण्यासारख्या आहेत. पहिली आहे अक्षरांची दिशा उलटवणारी. अरबी, हिब्रू, उर्दू या लिप्या उजवीकडून डावीकडे लिहिल्या जातात, त्यामुळे युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांची अक्षरे संगणकात लिहिण्याच्या सामाईक पद्धतीत, ‘इथून पुढचा मजकूर उजवीकडून डावीकडे दाखवा’ असे सांगणारे एक अदृश्य चिन्ह आहे. फाइलच्या नावात ‘बिल’ या शब्दानंतर हे चिन्ह ठेवून पुढे ‘एफ, डी, पी, टिंब, ई, एक्स, ई’ अशी इंग्रजी अक्षरे लिहिली, की पडद्यावर ती उलट क्रमाने उमटतात: ‘ई, एक्स, ई, टिंब, पी, डी, एफ’. डोळ्यांना शेवटी पीडीएफ दिसते, संगणकासाठी फाइल ईएक्सईच राहते. ‘ईएक्सई’ ही इंग्रजी अक्षरे उलटी वाचली तरी तीच राहतात, हा चोरांच्या नशिबाचा भाग; म्हणून पीडीएफच्या टिंबाआधी ‘ईएक्सई’ चिकटलेले दिसले की थांबावे. टेलिग्रामच्या विंडोजवरील ॲपमध्ये हीच युक्ती वापरून जेएस फाइली पीएनजी चित्रांच्या वेषात पाठवल्या जात होत्या आणि त्यातून लोकांच्या संगणकांवर चोरून क्रिप्टोचलनाचे खोदकाम चालले होते, असे कॅस्परस्की कंपनीने फेब्रुवारी २०१८ मध्ये उघड केले होते. यावरचा उपाय सोपा आहे. फोल्डरमध्ये ‘डीटेल्स’ ही मांडणी निवडली की ‘टाइप’ नावाचा रकाना दिसतो आणि तो नावाच्या या उलट्यापालट्याला फसत नाही. नाव पीडीएफसारखे आणि टाइपच्या रकान्यात ‘ॲप्लिकेशन’ असेल तर फाइल सरळ पुसून टाकावी.

दुसरी पळवाट शॉर्टकटची, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे नेणाऱ्या छोट्या फाइलची. एलएनके हे शॉर्टकटचे एक्स्टेन्शन, वरची खूण करूनही, विंडोज कधीच दाखवत नाही. त्यामुळे ‘निविदा, टिंब, पीडीएफ’ असे नाव दिलेला शॉर्टकट हुबेहूब पीडीएफसारखा दिसू शकतो, त्याचे चित्रही पीडीएफचेच लावता येते. चित्राच्या कोपऱ्यातला छोटा वाकडा बाण आणि टाइपच्या रकान्यातला ‘शॉर्टकट’ हा शब्द, या दोनच खुणा त्याला उघडे पाडतात. कोणीही कोणाला ईमेलने शॉर्टकट पाठवत नाही, कारण दुसऱ्याच्या संगणकावर तो कुठेच पोहोचवत नाही; आलाच असेल तर त्याचा हेतू वेगळा आहे.

झिप आणि आरएआर या, अनेक फाइली एकत्र बांधणाऱ्या गाठोड्यांबाबत एकच गोष्ट मनात ठेवली तरी चालेल. ज्या ईमेलमध्ये गाठोडे आहे त्याच ईमेलमध्ये त्याचा पासवर्डही लिहून दिलेला असेल, तर त्या पासवर्डने गुप्तता साधलेली नाही. त्याने फक्त वाटेतल्या अँटिव्हायरसला गाठोडे उघडून पाहता येऊ नये एवढेच साधलेले आहे. अशी गाठोडी सोडणारा विनआरएआर हा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी आपली आवृत्ती तपासावी. ऑगस्ट २०२३ मधल्या ६.२३ या आवृत्तीपूर्वी त्यात असा दोष होता की गाठोड्यातल्या साध्या चित्रावर दोनदा क्लिक केले तरी त्याच नावाच्या फोल्डरात लपवलेली स्क्रिप्ट चालू होत असे. विनआरएआर स्वतःहून अद्ययावत होत नाही, त्यामुळे कार्यालयांतल्या जुन्या संगणकांवर अजूनही जुन्या आवृत्त्या सापडतात.

व्हॉट्सॲपही या गोंधळातून सुटलेले नाही. त्याच्या विंडोज ॲपमध्ये २.२४५०.६ या आवृत्तीपूर्वी असलेला एक दोष एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झाला. ते ॲप फाइल दाखवताना सोबत आलेल्या प्रकाराच्या माहितीवर विसंबत असे, पण उघडताना नावातले एक्स्टेन्शन पाहत असे. दाखवायचे चित्र आणि चालवायचा प्रोग्रॅम, असे दोन चेहरे एकाच फाइलला देणे त्यामुळे शक्य होत होते. संगणकावरचे व्हॉट्सॲप अद्ययावत ठेवणे आणि आलेली फाइल तिथल्या तिथे न उघडता आधी जतन करून टाइपचा रकाना पाहणे, एवढी काळजी पुरते.

वर्ड आणि एक्सेलच्या फाइलींविषयी थोडक्यात सांगायचे तर ‘डीओसीएम’ आणि ‘एक्सएलएसएम’ यांतल्या शेवटच्या ‘एम’चा अर्थ मॅक्रो असा आहे, म्हणजे त्या फाइलीच्या पोटात छोटा प्रोग्रॅम असू शकतो. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मूळ मांडणीतच अडवण्याचा निर्णय मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये अमलात आणला. म्हणून आता फसवणारे ‘प्रॉपर्टीज उघडून अनब्लॉकवर खूण करा’ अशी पायरीपायरीने सूचना देतात. फाइल वाचण्यासाठी सुरक्षेची कडी काढायला सांगणारा मजकूर दिसला की ती फाइल बंद करावी.

विचित्र, पण निर्दोष

सावधगिरी वाढली की दुसरे टोक गाठले जाते आणि साधी विचित्र नावेही संशयास्पद वाटू लागतात. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या शासन निर्णयाचे नाव १८ आकड्यांची माळ असते, ती पाहून माझ्या एका परिचितांनी पीडीएफ घाईघाईने पुसून टाकली होती. ती माळ म्हणजे त्या निर्णयाचा संकेतांक असतो, वर्ष, महिना आणि तारीख या क्रमाने त्याची सुरुवात होते आणि निर्णयाच्या शेवटच्या परिच्छेदात तोच संकेतांक छापलेला असतो, त्यामुळे ताडून पाहण्याची सोय घरबसल्या होते.

देवनागरीत नाव दिलेली फाइल काही संकेतस्थळांवरून उतरवली की नावाऐवजी टक्क्यांच्या चिन्हांची आणि इंग्रजी अक्षर-आकड्यांची लांबच लांब रांग दिसते. ‘टक्के, ई, शून्य, टक्के, ए, चार’ हे तुकडे त्यात पुन्हा पुन्हा येत असतील तर घाबरू नये. देवनागरीतले एकेक चिन्ह तिथे नऊ इंग्रजी चिन्हांत लिहिले गेलेले असते, इतकेच. वर्डची फाइल उघडी असताना तिच्या शेजारी ‘~’ ही नागमोडी रेघ आणि डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारी जुळी फाइल दिसते, तीही वर्डनेच तात्पुरती बनवलेली असते. पेन ड्राइव्हवर मॅकने सोडलेली ‘डीएस स्टोअर’ आणि विंडोजची ‘थम्ब्ज’ यांचेही तसेच.

नाव ओळखीचे नाही म्हणून विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरातली फाइल पुसण्याच्या भानगडीत पडू नये. २००२ मध्ये एक ईमेल जगभर फिरले होते. ‘तुमच्या संगणकात टेडी अस्वलाचे चित्र असलेली एक फाइल दडलेली आहे, ती व्हायरस आहे, लगेच पुसा आणि सर्वांना कळवा.’ अनेकांच्या संगणकांत अस्वल खरोखरच सापडत होते, कारण ती विंडोजबरोबर येणारी जावाची साधी फाइल होती. तिथे व्हायरस नव्हताच. नुकसान लोकांनी स्वतःच्या हातांनी केले. खरी धोक्याची खूण असते ती ओळखीच्या नावाची एखादे अक्षर इकडेतिकडे करून केलेली नक्कल, किंवा विंडोजच्या ‘सिस्टम३२’ फोल्डरात असायला हवी असलेली फाइल ‘डाउनलोड्स’मध्ये बसलेली असणे.

शंका आली तर तपासावे कसे

पहिली तपासणी सर्वांत जुनी आहे. पाठवणाऱ्याला फोन करून विचारावे. चॅटवर विचारू नये, कारण त्याचे खातेच दुसऱ्याच्या ताब्यात गेले असेल तर ‘हो, मीच पाठवली’ असे उत्तरही तोच दुसरा माणूस देईल. काकांच्या बाबतीत एका फोनने सगळा उलगडा झाला.

दुसरा मार्ग व्हायरसटोटलचा. २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झालेली आणि २०१२ पासून गूगलच्या मालकीची असलेली ही सेवा एकच फाइल अनेक अँटिव्हायरसांकडून एकदम तपासून देते. पण इथे खासगीपणाचा एक खड्डा आहे आणि सावध माणसेच त्यात पडतात. या सेवेवर चढवलेली फाइल तुमच्या आणि तिच्यापुरती राहत नाही. ती सुरक्षा कंपन्यांना दिली जाते आणि पैसे भरून सेवा घेणाऱ्यांना ती उतरवूनही घेता येते. त्यामुळे ‘व्हायरस तर नाही ना’ म्हणून स्वतःचे पगारपत्रक, रुग्णालयाचा अहवाल किंवा अशिलाचा करारनामा तिथे चढवणे म्हणजे तो अनोळखी लोकांच्या हाती देणे होय. अशा वेळी फाइल न देता तिचा हॅश द्यावा. फाइलच्या आशयावरून गणिताने काढलेली ही ६४ अक्षरांची खूण असते. आशयात एवढासा बदल झाला तरी खूण पूर्ण बदलते आणि खुणेवरून मूळ फाइल परत घडवता येत नाही. संगणकावर सेव्हन-झिप हा मोफत प्रोग्रॅम असेल तर फाइलवर उजवी क्लिक करून ‘सीआरसी एसएचए’मधला ‘एसएचए-२५६’ निवडला की ही खूण मिळते, ती व्हायरसटोटलच्या शोधचौकटीत डकवावी. तीच फाइल आधी कोणी तपासलेली असेल तर निकाल लगेच दिसतो. ‘सापडली नाही’ असे उत्तर आले तर त्याचा अर्थ फाइल स्वच्छ आहे असा घेऊ नये. लग्नपत्रिकेच्या एपीके थोड्याथोड्या बदलून नव्याने बनवता येतात आणि प्रत्येक नव्या फाइलची खूण नवी असते.

फाइल उघडून बसलो असल्यास

एपीके बसवली गेली आहे असे लक्षात आले, की आधी फोन विमान मोडवर टाकावा आणि वायफाय बंद असल्याचे पाहावे. सिमकार्ड काढून घरातल्या दुसऱ्या, शक्यतो साध्या फोनमध्ये घालावे, म्हणजे पुढचे ओटीपी त्या बाधित फोनवर पोहोचणार नाहीत. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते, कार्ड आणि यूपीआय थांबवावे आणि पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही ती नोंदवता येते. इथे मिनिटांना किंमत आहे, कारण पैसा पुढच्या खात्यातून काढून घेतला जाण्याआधीच तो रोखून धरता येतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात वेळेला किती महत्त्व दिले आहे ते पाहण्यासारखे आहे: ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असले तरी त्याने बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे असते. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवावा.

नव्या फोनमध्ये सिम घातल्यावर *#२१# हे लावून आपले कॉल दुसरीकडे वळवलेले नाहीत ना ते पाहावे. वळवलेले असतील तर ##००२# लावल्याने सर्व वळवणी रद्द होते. व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये अनोळखी नोंद असेल तर ती काढून टाकावी. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या उपकरणावरून, बाधित फोनवरून मुळीच नाही. ज्या गटांत आपल्या नावाने फाइल गेली आहे तिथे लाज न बाळगता लिहावे. काकांनी रात्री अकराला ‘ती पत्रिका माझी नाही, कोणी उघडू नका’ असा आवाजी निरोप पाठवला, त्यामुळे निदान आमच्या इमारतीत पुढची साखळी तुटली.

घाईघाईने फोन पुसून मोकळे होण्याचा मोह टाळावा. आधी आलेला संदेश, पाठवणाऱ्याचा क्रमांक, फाइलचे पूर्ण नाव आणि बँकेचे एसएमएस यांची छायाचित्रे दुसऱ्या फोनने काढून ठेवावीत, तक्रारीत ती लागतात. त्यानंतर फोन सेफ मोडमध्ये सुरू करावा, बाहेरून आलेली ॲप्स त्यात चालत नाहीत. सेटिंग्जमधल्या ॲपच्या यादीत अनोळखी, कधी कधी नाव किंवा चिन्हच नसलेले ॲप शोधावे, त्याला ॲडमिन किंवा ॲक्सेसिबिलिटीचा अधिकार मिळाला असेल तर आधी तो काढावा आणि मग ॲप काढावे. एवढे करूनही मन साशंक असेल तर फोटो आणि संपर्क तेवढे वाचवून फोन मूळ स्थितीला न्यावा. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर सफाईची मोफत साधनेही मिळतात.

आपण ठेवलेली नावे

बाहेरून येणारी नावे खोटे बोलतात, तर आपण ठेवलेली नावे गरजेपेक्षा जास्त खरे बोलतात. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावातली पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि जन्मवर्ष, हे सर्वांना ठाऊक आहे. असे असताना फाइलला ‘सुनीता १९७८ आधार’ असे नाव देऊन ती पाठवणे म्हणजे कुलपाला किल्ली बांधून देणे झाले. अँड्रॉइडच्या अनेक फोनवर स्क्रीनशॉटच्या नावात तारीख, वेळ आणि उघड्या असलेल्या ॲपचे नाव आपोआप येते, त्यामुळे तो फाइल म्हणून पाठवला की आपण कोणत्या बँकेचे ॲप रात्री किती वाजता पाहत होतो हे समोरच्याला चित्र न उघडताच कळते. फोटो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर तो जिथे काढला त्या जागेची नोंदही सोबत जाऊ शकते. साधा फोटो म्हणून पाठवल्यास ती वाटेत गळते.

झेरॉक्सच्या दुकानात हे सगळे एकत्र पाहायला मिळते. दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर कागद पाठवायचे, त्याने संगणकावर उतरवून छापायचे आणि सुटे पैसे देऊन आपण निघायचे, ही आता रोजची रीत आहे. काउंटरच्या अलीकडून त्या संगणकाचा पडदा दिसतो. डाउनलोड्सच्या फोल्डरात कोणाचे पॅन, कोणाचा सातबारा, कोणाचा घटस्फोटाचा अर्ज नावानिशी रांगेत उभा असतो आणि त्याच पेन ड्राइव्ह खुपसलेल्या संगणकात कोणती फाइल कुठून आली आहे हे दुकानदारालाही सांगता येत नाही. अशा ठिकाणी फाइलचे नाव ‘छपाई १’ एवढेच ठेवावे, आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली मास्क्ड प्रत चालत असेल तर तीच द्यावी, आणि छपाई झाल्यावर फाइल डाउनलोड्समधून आणि रिसायकल बिनमधूनही पुसायला नम्रपणे सांगावे. बहुतेक दुकानदार हसून पुसतात. पेन ड्राइव्ह दिलाच असेल तर घरी आल्यावर त्यातले फोल्डर उघडण्याआधी टाइपचा रकाना पाहावा. मूळ फोल्डर लपवून त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट ठेवणारे व्हायरस अशाच संगणकांतून घरी येतात.

कागदांचे गाठोडे ईमेलने पाठवायचे असेल तर एक तांत्रिक गोष्ट ध्यानात ठेवावी. साध्या झिपला पासवर्ड घातला तरी आतल्या फाइलींची नावे उघडीच राहतात. पासवर्डशिवायही कोणालाही ती यादी वाचता येते. सेव्हन-झिपमध्ये गाठोडे ‘सेव्हन-झेड’ प्रकारात बांधले आणि पासवर्डच्या चौकटीखाली ‘एन्क्रिप्ट फाइल नेम्स’वर खूण केली, तर नावेही झाकली जातात. पासवर्ड मात्र त्याच ईमेलमध्ये न लिहिता समोरच्याला फोन करून सांगावा.